‘४० चौरस फूट कुठे गेले?’ : आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. तुमच्या हॉलमध्ये लाकडी जमीन बसवायचं काम ठरल्यापेक्षा आठ दिवस लांबलं, तुमची गैरसोय झाली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. तुम्ही दुकानात फोन केलात आणि आमच्याकडून उलट फोन आला नाही, हेही व्हायला नको होतं.

पण तुम्ही पुढे लिहिलंय, ‘हॉल २६० चौरस फुटांचा, लाकडाचं बिल ३०० चौरस फुटांचं. ४० चौरस फूट कुठे गेले? महाग डिझाइन गळ्यात मारलं आणि वर मापात मारलं.’ या वाक्याला उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये वडिलांनी सागवान घनफुटावर विकलं. त्या धंद्यात माणसाची पत मापावर ठरते. उशीर झाला म्हणालात, ऐकून घेतलं. मापात मारलं हे मात्र सहन होत नाही.

आधी डिझाइनचं सांगतो. दुकानात आलात तेव्हा तुमच्या फोनमध्ये शेवरॉनचे, म्हणजे ‘V’ आकाराच्या नक्षीचे फोटो होते, गडद अक्रोडातले. मी नको म्हणालो, आणि का नको तेही सांगितलं होतं. तुमची बाल्कनी पश्चिमेला आहे. रोज दुपारनंतर ऊन थेट जमिनीवर येतं, आणि अक्रोडाचा रंग उन्हाने उतरतो. सोफ्याखाली गडद आणि दारापाशी फिकट अशी जमीन दोन-तीन वर्षांत दिसायला लागते. दुसरं म्हणजे शेवरॉनच्या पट्ट्यांची टोकं तिरकी कापलेली असतात, ती समोरासमोर भिडून खोलीभर सरळ रेघा तयार होतात. खोली गुण्यात, म्हणजे चारही कोपरे काटकोनात असतील तर त्या रेघा फार देखण्या दिसतात. तुमच्या हॉलची टीव्हीची भिंत एका टोकाला साधारण इंचभर आत आहे. तिथे प्रत्येक रेघ तो इंच बोट दाखवून सांगते.

माझा सल्ला होता ओकच्या रुंद सरळ फळ्या, मॅट फिनिश, बाल्कनीच्या दाराकडे जाणाऱ्या. तुम्हाला जपांडी धाटणीचं घर हवं होतं: बुटकं फर्निचर, मोकळी जागा, फिकट रंग. त्या धाटणीत जमीन शांत असावी लागते. त्यातून टीव्हीमागे उभ्या पट्ट्यांचं पॅनेल आधीच ठरलेलं होतं. वर पट्ट्या आणि खाली नक्षी झाली की नजरेला टेकायला जागा उरत नाही, हे माझं मत होतं आणि आजही आहे. सरळ फळ्या स्वस्तही पडल्या असत्या. माल कमी लागतो आणि फोमवर तरंगत्या, म्हणजे खाली न चिकटवता बसवता येतात. हेरिंगबोन, म्हणजे काटकोनात बसवलेल्या पट्ट्यांची नक्षी, त्यात एकेक पट्टी सहसा गोंदाने खाली चिकटवावी लागते. पण तुम्हाला नक्षी हवीच होती. मग शेवरॉनऐवजी हेरिंगबोन आणि अक्रोडाऐवजी ओक यावर आपलं जमलं. तुमचं घर, तुमची आवड, त्यात वावगं काहीच नाही. जमीन सुंदरच झाली आहे. पण जास्त महाग डिझाइनवरून मी तुम्हाला खाली आणलं होतं, ‘गळ्यात मारलं’ हे कसं म्हणायचं?

आता ते ४० चौरस फूट.

हेरिंगबोनमध्ये पट्ट्या एकमेकींना काटकोनात आणि भिंतीला ४५ अंशांत बसतात. त्यामुळे चारही भिंतींशी प्रत्येक ओळीचं टोक तिरकं कापावं लागतं आणि त्रिकोणी तुकडे निघतात. हा तुकडा समोरच्या भिंतीला का लावला नाही, असं तुम्ही तिथेच विचारलं होतं. हेरिंगबोनच्या पट्ट्या डाव्या आणि उजव्या अशा वेगवेगळ्या येतात. एका कडेला खाच असते, दुसऱ्या कडेला त्या खाचेत बसणारी जीभ. कापलेल्या तुकड्याची खाच बऱ्याचदा भलत्याच कडेला येते, तो बसतच नाही. काही तुकडे मिस्त्रीने वापरलेही, खांबाच्या कोपऱ्यात बघा. बाकीचे गेले ते गेले.

म्हणून सरळ फळ्यांना आम्ही ५ ते ७ टक्के जादा माल धरतो आणि हेरिंगबोनला १० ते १५ टक्के. तुमच्या हॉलमध्ये दोन खांब, एक वाकडी भिंत आणि बाल्कनीच्या सरकत्या दाराची पट्टी, म्हणून १५ धरले. २६० चे १५ टक्के म्हणजे ३९, एकूण २९९. बॉक्स २० चौरस फुटांचा येतो आणि कंपनी बॉक्स फोडून देत नाही. १५ बॉक्स, ३०० चौरस फूट. तुमच्या ओळखीच्या इंटिरिअरवाल्यांनी ५ टक्के सांगितले ते सरळ फळ्यांसाठी बरोबर आहे. या नक्षीला १४ बॉक्स आणले असते तर शेवटच्या कोपऱ्यात माल संपला असता आणि नवीन बॉक्स दुसऱ्या लॉटचा आला असता. ओकची छटा लॉटगणिक बदलते. त्या वेळी तुम्ही रंगाबद्दल लिहिलं असतं, आणि ते खरं असतं.

हा हिशेब आम्ही लपवलेला नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या कोटेशनमध्ये ‘कटिंग १५ टक्के’ अशी ओळ आहे आणि त्यावर तुमचा होकार आला होता. उरलेल्या सात अख्ख्या पट्ट्या पुढेमागे दुरुस्तीला लागतील म्हणून तुमच्याच माळ्यावर ठेवल्यात. तुकड्यांची पोती पार्किंगमधून उचलायला तुमच्याच घरून सांगितलं, म्हणून उचलली. ती आजही गोदामात आहेत, हवी असतील तर आणून देतो. आणि बिलाची दुसरी ओळ कृपा करून वाचा. बसवण्याची मजुरी २६० चौरस फुटांचीच लावली आहे. मापात मारायचं असतं तर तिथेही ३०० लिहिता आलं असतं.

उशिराबद्दल एवढंच सांगतो. जुनी फरशी काढल्यावर जमीन सम करायला सिमेंटचा थर टाकला, तोही ऐन पावसाळ्यात. ओलाव्याच्या मीटरवर आकडा खाली येईना. ओल्या थरावर लाकूड चिकटवलं तर ते खालून पाणी ओढतं, आडवं फुगतं आणि पट्ट्यांच्या कडा वर येतात. तुम्ही रोज ‘सुरू करा’ म्हणत होतात आणि मी थांबवत होतो. आज तुमच्या जमिनीत कुठेही फुगवटा नाही, तो त्या आठ दिवसांमुळे.

हे सगळं उघड्यावर लिहायची वेळ यावी याचं वाईट वाटतं. दसरा-दिवाळीच्या आधीच्या कामांवर आमचं वर्ष चालतं. तुमचा अभिप्राय आल्यापासून ठरत आलेली दोन कामं थांबली आहेत. एकाने स्पष्टच सांगितलं की ‘मापाचं वाचलं.’ दुकानात मी आहे, माझा भाऊ आहे, मिस्त्री आणि त्यांची घरं आहेत. एक तारा द्यायचा तुमचा हक्क आहे, तो काढा असं मी म्हणणार नाही. फक्त मापाबद्दलचं वाक्य बिल समोर ठेवून पुन्हा एकदा वाचा, एवढी विनंती.

यापुढे कोटेशनमध्ये कटिंगची ओळ मोठ्या अक्षरात लिहू, फोनचंही काहीतरी बघतो आहोत.

खिडकीजवळची एक पट्टी पाय पडला की वाजते असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तिथे गोंद सुटला असेल तर सुईने भरून वर वजन ठेवलं की बसते, पट्टी उखडावी लागत नाही. याचे पैसे लागणार नाहीत. आणि गालिचा टाकला असेल तर पहिले काही महिने तो अधूनमधून सरकवत राहा. ओक उजेडाने हळूहळू मधाळ होतो आणि झाकलेला भाग मागे राहतो. फरशी पुसताना फडकं घट्ट पिळून घ्या, बादलीचं पाणी जमिनीवर नको.

मिस्त्री सोमवार ते शुक्रवार कधीही येऊ शकतील. तुम्हाला सोयीची वेळ दुकानाच्या नंबरवर कळवा. मी स्वतः टेप घेऊन सोबत येतो, हॉल तुमच्यासमोर पुन्हा मोजू.