डोक्यातली गळवे आणि बायोलॉजिकच्या सुईची भीती

‘डोक्यात वारंवार गळवे येतात ती अस्वच्छतेमुळे. त्यावरची बायोलॉजिकची सुई म्हणजे महागडे स्टेरॉइड. ती घेतली की टीबी होतो. त्यापेक्षा मुंडण करा, कडुनिंबाचे तेल लावा.’ गोव्यात फोंडा-डिचोलीकडच्या गटांतून फिरणारा हा मेसेज वाचून माझ्या भाच्याने ठरलेली सुई पुढे ढकलली, म्हणून लिहिते आहे.

अस्वच्छतेचा आरोप सर्वांत क्रूर आहे. डोक्यात अशी वारंवार गळवे आणणारा डिसेक्टिंग सेल्युलायटिस हा दुर्मीळ आजार मुख्यतः तरुण पुरुषांना होतो. केसाच्या मुळाचे तोंड बुजते, मूळ कातडीच्या आत फुटते आणि शरीराच्याच संरक्षक पेशी तिथे तुटून पडतात. मग पू आतल्या आत एका गाठीतून दुसरीकडे वाट काढतो. रोज न्हाणाऱ्यालाही हे होते. एका कंगव्याने दुसऱ्याला लागत नाही.

सुई स्टेरॉइड नाही. तिच्यातले बायोलॉजिक, म्हणजे अडॅलिम्युमॅब, हे जिवंत पेशींत तयार केलेले प्रतिपिंड (अँटीबॉडी) आहे आणि ते दाह पेटवणाऱ्या टीएनएफ या एकाच रेणूला धरते. अमेरिकेत 2002 मध्ये त्याला संधिवातासाठी मंजुरी मिळाली, तर 2015 मध्ये काखा-जांघांत गळवे आणणाऱ्या हिड्राडेनायटिससाठी. डोक्यातला आजार त्याच कुळातला. मात्र त्यासाठी वेगळी मंजुरी नाही, मोठ्या चाचण्याही नाहीत. डॉक्सिसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइन या पोटातून घ्यायच्या औषधांनी भागले नाही की तज्ज्ञ रुग्णांवरच्या अनुभवाच्या आधारे ही सुई देतात. हे रुग्णाला स्पष्ट सांगायलाच हवे.

टीबीची भीती खोटी नाही, आणि इथेच मेसेज सर्वाधिक घात करतो. आपल्याकडे अनेकांच्या शरीरात टीबीचे जंतू सुप्त असतात. त्यांना कोंडून ठेवायच्या कामात टीएनएफचा वाटा मोठा. तो अडवला तर जंतू जागे होऊ शकतात. म्हणूनच पहिल्या सुईआधी टीबीसाठी मान्टू ही कातडीवरची किंवा रक्ताची चाचणी, छातीचा एक्स-रे आणि कावीळ बी-ची तपासणी करतात. सुप्त टीबी निघाला तर आधी त्यावरची औषधे सुरू होतात, सुई नंतर. पुढेही ताप, रेंगाळणारा खोकला, वजन घटणे दिसले तर लगेच डॉक्टरांना कळवायचे. धोका आहे म्हणून तपासणी करायची असते. मेसेजने तपासणीचा उल्लेखच गाळला आहे.

तेल वरच्या कातडीवर राहते, पुवाच्या वाटा खाली असतात. मुंडणाने त्या बंद होत नाहीत.

खर्चाचे ओझे मात्र खरे. डिसेंबर 2014 मध्ये झायडस कंपनीने अडॅलिम्युमॅबची भारतीय आवृत्ती मूळ औषधाच्या सुमारे पाचव्या हिश्शात आणली, तरी सामान्य घराला ते जडच जाते. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) त्वचारोग विभाग आहे. तिथे जाऊन सल्ला घ्यावा आणि कोणत्या योजनेतून काही मिळेल का, हेही विचारावे.

वण पडलेल्या जागी गेलेले केस ही सुई परत आणत नाही, आणि थांबवल्यावर आजार पुन्हा उसळू शकतो. पण उशीर झाला तितकी मुळे कायमची जातात. म्हणून भाच्याला सांगितले आहे: तपासण्या करून घे, आणि फरक किती महिन्यांनी पाहायचा, पडला नाही तर पुढे काय, हे डॉक्टरांना विचारून ये.