"एससीपी लावा, एका दिवसात 100 टीबी": आधी गणित तरी करा

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा सल्ला असा: एडब्ल्यूएसच्या (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या) मुंबई रीजनमधून, म्हणजे तिथल्या डेटासेंटरांतून, व्हर्जिनियाला 100 टीबी डेटा हलवायचाय? 10 जीबीपीएसचं (सेकंदाला 10 गिगाबिट) मशीन घ्या, एससीपी (एका मशीनवरून दुसऱ्यावर फाइल कॉपी करणारी कमांड) लावा, एका दिवसात काम फत्ते. संथ वाटलं तर बँडविड्थ वाढवा. कॉम्प्रेशन चालू ठेवा. वेगळा चेकसम (फाइल जशीच्या तशी पोचली का हे तपासायचा आकडा) कशाला? आमच्या टीममधल्या ज्युनिअरने यावरूनच कटओव्हरची, म्हणजे नव्या जागेवर काम वळवायची, तारीख काढली, म्हणून लिहिणं भाग पडलं.

भागाकार बरोबर आहे, तेवढं मान्य. 100 टीबीला 10 जीबीपीएसने 80,000 सेकंद, म्हणजे बावीस तास. पण ही लाइनची क्षमता झाली, एससीपीची नव्हे. मुंबई ते व्हर्जिनिया जाऊन-येऊन सुमारे 200 मिलिसेकंद लागतात. म्हणजे 10 जीबीपीएस भरून वाहायला पोच येण्याआधी कायम 250 एमबी वाटेत असायला हवा. एससीपी ज्या ओपनएसएसएचवर चालतं, त्याच्या चॅनेलची विंडो, म्हणजे पोच न येता पाठवता येणारा डेटा, साधारण 2 एमबीची. 2 एमबी पाठवायचे, 200 मिलिसेकंद थांबायचं. सेकंदाला 10 एमबी. त्या वेगाने 100 टीबीला लागतात 115 दिवस!

आता "बँडविड्थ वाढवा" हा सल्ला बघा. सगळ्यात घातक हाच, कारण यात पैसे जातात आणि आकडा हलत नाही. अडलंय विंडोत, लाइन 100 जीबीपीएसची केली तरी सेकंदाला 10 एमबीच. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं ईएसनेट हे नेटवर्क शास्त्रज्ञांचा डेटा खंडांपलीकडे नेतं. त्यांनी केव्हाच स्पष्ट लिहून ठेवलंय: लांब पल्ल्यावर एससीपी नको, त्याचे आतले बफर ठरावीक मापाचे आहेत. शिवाय एडब्ल्यूएसवर रीजनबाहेर जाणाऱ्या एका फ्लोला (एका कनेक्शनला) 5 जीबीपीएसची मर्यादा आहे आणि तिथली जीपी3 प्रकारची डिस्क जादा पैसे न भरता सेकंदाला 125 एमबीच वाचते. अशा डिस्क एकामागून एक वाचल्या तर नुसत्या त्यापायी नऊ दिवस.

मग करायचं काय? डेटा आधीच एस3मध्ये (एडब्ल्यूएसचा फाइलसाठा, त्यातला एकेक कप्पा म्हणजे बकेट) असेल तर मशीनवर उतरवूच नका, बकेट-टू-बकेट कॉपी करा. डिस्कवर असेल तर प्रीफिक्सप्रमाणे (फाइलच्या नावाच्या सुरुवातीप्रमाणे) वाटून तीन-चार मशीनवरून आरक्लोन (एकाच वेळी अनेक फाइल्स पाठवणारं टूल) चालवा, प्रत्येकी 32 ट्रान्सफर आणि 64 एमबीचे तुकडे. बारीक फाइल्सची आधी टार करून गाठोडी बांधा, नाहीतर प्रत्येक फाइलमागे ते 200 मिलिसेकंद पुन्हा पुन्हा मोजावे लागतात.

कॉम्प्रेशनमध्ये अर्धं तथ्य आहे. लॉग आणि सीएसव्ही झेडस्टँडर्डने चांगले आटतात. पार्के, जेपेग, एमपी4 आधीच आटलेले. तिथे एसएसएचचं एका कोअरवर चालणारं कॉम्प्रेशन वेग आणखी पाडतं.

आणि चेकसम लागतोच. वाटेतला बिघाड एसएसएच पकडतं, पण मध्येच तुटलेली फाइल अर्धवट पडून राहते आणि एससीपी ती तिथून पुढे सुरू करत नाही. एस3वर मल्टिपार्टने, म्हणजे तुकड्यातुकड्यांत, चढवलेल्या फाइलचा ईटॅग (एस3 फाइलला लावतं ती खूण) म्हणजे फाइलचा एमडी5 चेकसम नव्हे, त्यामुळे तो जुळवत बसू नका. निघण्याआधीच प्रत्येक फाइलच्या एसएचए-256 चेकसमची यादी काढा, पलीकडे ओळ न् ओळ जुळवा, आणि ती जुळेपर्यंत मूळ डेटाला हात लावू नका.