माफी दिली कुणी, आणि कुणाच्या जिवावर?

हा फॉरवर्ड पुन्हा फिरतोय: "अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर ग्रँटने हरलेल्या सैनिकांना घोडे घेऊन घरी जाऊ दिलं. लिंकनने सगळ्यांना माफ केलं, म्हणून देश एक झाला. पुढे काही कट्टरांनी दक्षिणेवर लष्कर लादून विष कालवलं. या माफीमुळेच फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेला अर्पण केली."

घोड्यांचं खरं आहे; ग्रँट हा जिंकलेल्या उत्तरेचा सेनापती.

लिंकनने 'सगळ्यांना' माफ केलं नव्हतं. डिसेंबर १८६३च्या त्याच्या योजनेत दक्षिणेतल्या बंडखोर सरकारचे बडे अधिकारी वगळले होते, आणि शपथ घेणाऱ्याला गुलामांची मुक्ती मान्य करावी लागे. त्याच्या खुनानंतर सढळ हाताने माफ्या वाटल्या त्या त्याच्या जागी अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनने.

त्या माफीची किंमत कुणी मोजली? जानेवारी १८६५मध्ये उत्तरेच्या जनरल शर्मनच्या हुकुमाने साउथ कॅरोलिना-जॉर्जियाच्या किनारपट्टीवर मुक्त झालेल्या कुटुंबांना ४० एकरांपर्यंत जमीन मिळू लागली. सुमारे ४०,००० लोक तिथे वसले. मग मालकांना माफी मिळाली आणि माफीबरोबर जमीनही परत. ऑक्टोबरमध्ये एडिस्टो बेटावरच्या चर्चमध्ये हे सांगायला मुक्त लोकांसाठीच्या सरकारी खात्याचा प्रमुख जनरल हॉवर्ड गेला. लोक खवळले, तेव्हा एका बाईने दुःखाचं भजन सुरू केलं. नंतर त्यांच्या समितीने हॉवर्डला लिहून कळवलं त्याचा आशय असा: ज्याने मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला-बहिणीला उघडं करून फोडून काढलं, आणि जो आज आपल्या रिकाम्या झोपडीतही त्याच्या अटींवर राबल्याशिवाय राहू देत नाही, त्याला माफ करणं मला जमायचं नाही. जॉन्सनने मात्र यांना न विचारताच हिशोब मिटवून टाकला होता.

आता ते 'कट्टर', म्हणजे अमेरिकी संसदेतले जहाल रिपब्लिकन. लष्करी अंमलाचा कायदा मार्च १८६७चा. त्याच्या आधीच, १८६५ सरता सरता, मिसिसिपीने मुक्त लोकांसाठी कायदा केला: दर जानेवारीत कामाचा लेखी पुरावा दाखवा, करार मोडून मध्येच गेलात तर त्या वर्षाची मजुरी बुडाली. जॉर्जियाने तर बंडखोरांच्या उपाध्यक्षालाच सिनेटवर निवडून दिलं! मे १८६६मध्ये मेम्फिसच्या दंगलीत ४६ कृष्णवर्णीय मारले गेले. म्हणजे विष आधी, लष्कर मागाहून. त्या लष्कराच्या देखरेखीखालीच दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांनी मतं टाकली, आणि १८७०मध्ये मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे कृष्णवर्णीय नेते सिनेटमध्ये पोचले. बड्या मळेवाल्यांच्या जमिनी वाटून टाकायची, या कट्टरांतल्याच थॅडियस स्टीव्हन्सची सूचना त्याच्या पक्षानेच बासनात गुंडाळली. एवढेच ते कट्टर.

देश एक झाला म्हणता? १८७७नंतर दक्षिणेत लष्कराचा धाक उरला नाही. लुइझियानात १८९६मध्ये कृष्णवर्णीय मतदार होते सुमारे १,३०,०००. १९०४मध्ये उरले १,३४२.

राहिले फुले. १८७३ची ती अर्पणपत्रिका एकदा उघडून वाचा. गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामात ज्यांनी औदार्य दाखवलं, त्यांच्या सन्मानार्थ ती आहे. मालकांच्या माफीचा त्यात शब्दही नाही.