दयाचा दरवाजा आणि दोन किलोची थाळी

‘सीआयडी’तल्या दयाबद्दल एक मजकूर पुन्हा फिरतोय. त्याचा सारांश असा: दयाचं काम करणारा दयानंद शेट्टी ऑलिम्पिकपटू होता, थाळीफेकीने त्याचा खांदा लोखंडी झाला, म्हणून 1998पासून त्याने अस्सल सागवानी दरवाजे एका दणक्यात फोडले, आणि पोलिसांना दार फोडायचा हक्क असतोच. चार दावे आहेत, आणि एकही धड नाही.

ऑलिम्पिकचं आधी उरकू. शेट्टी 1994 साली थाळीफेकीत महाराष्ट्राचा विजेता होता, गोळाफेकही करायचा. तो ऑलिम्पिकला गेलेला नाही. पायाच्या दुखापतीने मैदान सुटलं आणि तो अभिनयाकडे वळला. राज्याचं विजेतेपद ही काही लाजायची गोष्ट नव्हे. त्यात हवा कशाला भरायची?

आता लोखंडी खांदा. पुरुषांची थाळी 2 किलोची, फेकीच्या वर्तुळाचा व्यास अडीच मीटर. उजव्या हाताचा खेळाडू एवढ्याशा जागेत दीड गिरकी घेतो, डावा पाय रोवतो, आणि पायातला जोर कमरेतून छातीत चढत थेट तर्जनीवरून थाळीत उतरतो. हात म्हणजे चाबकाचं टोक. चाबूक फिरवतात ते पाय आणि कंबर. त्यामुळे खांदा कितीही धडधाकट असला तरी पाय गेला की थाळीफेक संपली. आणि दारावर खांदा आपटणं तर याच्या उलट: तिथे शरीर जोर फेकत नाही, झेलतं. पक्क्या दारावर ते करून पाहाल, तर आधी कॉलरबोन किंवा खांद्याचा सांधा जाईल.

खरी गोम दारात आहे. घरातलं दार फुटतं तेव्हा फळी सहसा फुटत नाही. कडीचं घर चौकटीतून उपटून येतं, कारण ते दोन-चार आखूड स्क्रूंवरच उभं असतं. म्हणून लाथ घालायची ती फळीच्या मधोमध नव्हे, कुलपाच्या शेजारी आणि पूर्ण तळव्याने. आतून पोकळ दाराच्या मधोमध घातलीत तर पाय आरपार जाऊन अडकतो आणि प्लायच्या चिरफळ्या पोटरीत घुसतात. आणि दार आपल्या बाजूला उघडणारं असेल तर ते चौकटीच्या खाचेवर टेकलेलं असतं; मग पैलवान आणा नाहीतर थाळीफेकपटू.

सेटवर तर दार खरं असलं तरी भिंत खरी नसते. चौकट प्लाय आणि लाकडी पट्ट्यांच्या खोट्या भिंतीत बसवलेली असते. अस्सल सागवान घट्ट बंद करून धडक दिली तर दाराआधी भिंतच मागे कलंडेल. म्हणून तोडायच्या दाराची सर्वसाधारण रीत अशी: आतली कडी काढायची, त्या जागी मऊ लाकडाची पातळ पट्टी लावायची, तिला मागून करवतीची अर्धवट खाच द्यायची, खाच लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरून वर रंग मारायचा. पट्टी जाड राहिली तर नट उसळून मागे येतो. फार पातळ झाली तर दार नुसत्या हाताने उघडतं आणि तो आपल्याच वेगाने आत तोंडावर पडतो. आत वाळूची पिशवी ठेवावी लागते. नाहीतर दार भिंतीवर आपटून परत येतं आणि नटाच्याच नाकावर बसतं. धाडकन आवाज बहुतेक वेळा नंतर चढवलेला. रिटेक असला की नवी पट्टी.

मग मैदानाचा उपयोग शून्य? मुळीच नाही. धावत येऊन ठरल्या खुणेवर एक पाय रोवायचा, अंगाचं वजन मागच्या पायावरून पुढे टाकायचं, आणि पाचव्या टेकलाही पाय त्याच खुणेवर पडला पाहिजे. गोळाफेकीत 7.26 किलोचा गोळा घेऊन माणूस हे पाय रोवणं आणि वजन टाकणंच घोटवत असतो. पडद्यावर दार हलकं वाटत नाही ते या वजन टाकण्यामुळे. हे श्रेय खरं, आणि नेमकं तेच या मजकुरात नाही.

राहिला हक्क. अटकेसाठी घरात शिरायचं तर पूर्वी दंड प्रक्रिया संहितेचं कलम 47 लागू व्हायचं. 1 जुलै 2024पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 44. पोलिसांनी आधी आपला अधिकार आणि कारण सांगायचं, आत येऊ देण्याची मागणी करायची. तरीही प्रवेश मिळत नसेल तरच दार किंवा खिडकी फोडता येते. आत रिवाजाने परपुरुषासमोर न येणारी स्त्री राहत असेल आणि अटक तिलाच करायची नसेल, तर तिला बाहेर निघून जाण्याची सूचना आणि मोकळीक आधी द्यावी लागते. एसीपी प्रद्युमनच्या ‘दया, दरवाजा तोड दो’च्या आधी एवढं सगळं बसवायचं, तर एपिसोडचा पहिला ब्रेक दारातच होईल.