‘मैलाचा दगड’ आणि इतर मोठे शब्द : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया परखड आणि सविस्तर आहे, त्यामुळे उत्तरही थोडे लांबणार आहे. ‘ऐतिहासिक’, ‘क्रांतिकारक’, ‘युगप्रवर्तक’ हे शब्द जपून वापरावेत, असे मी लिहिले होते. त्यावर आपले दोन आक्षेप आहेत. मोठ्या घटनेला मोठा शब्द नाकारणे हा कद्रूपणा आहे, हा पहिला. आणि त्याच लेखात मी स्वतः पेनिसिलिनच्या शोधाला ‘वैद्यकाच्या वाटचालीतील मैलाचा दगड’ म्हटले आहे, हा दुसरा. दुसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि पहिला का मान्य नाही हे त्यावरूनच सांगता येईल.

मैलाचा दगड किती अंतर कापले ते सांगतो. त्याच्यामुळे रस्ता वळत नाही, आणि तो नसता तरी प्रवास तसाच झाला असता. मला म्हणायचे होते ते याच्या अगदी उलट. शिवाय वळण नेमके कुठे आले, हा प्रश्न त्या शब्दाआड मी सोयीस्करपणे लपवला. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीचा जीवाणूंची वाढ रोखणारा परिणाम १९२८ मध्ये दिसला आणि १९२९ मध्ये त्यांनी तो प्रसिद्धही केला. परंतु ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुद्ध केलेले पेनिसिलिन रुग्णाला टोचले जाईपर्यंत १९४१ साल उजाडले. निरीक्षण आणि उपचार यांच्यामधली ही बारा वर्षे माझ्या एका ऐटदार शब्दाने गिळून टाकली.

आपण अशा शब्दांना भाषेचे अलंकार म्हणता. मला ती विधाने वाटतात, आणि विधान खोटे ठरू शकते. १८५७ च्या घटनांना ‘शिपायांचे बंड’ म्हणणारा तेव्हाची सत्ता रास्त होती असे गृहीत धरतो, ‘स्वातंत्र्यसमर’ म्हणणारा लढणाऱ्यांचा हेतू ठरवून टाकतो, आणि ‘उठाव’ म्हणणारा दोन्ही निर्णय पुढे ढकलतो. (मी स्वतः बहुधा ‘उठाव’ लिहितो, त्यात सावधपणाइतकाच थोडा भित्रेपणाही असेल.) ‘क्रांती’चेही तसेच आहे. तिच्या मुळाशी पाऊल टाकणे, ओलांडणे या अर्थाचा ‘क्रम्’ धातू आहे, आणि ‘संक्रांत’, ‘उत्क्रांती’ हे शब्द त्याच घरातले. तेव्हा एखाद्या बदलाला क्रांतिकारक म्हणताना कोणती सीमा ओलांडली गेली, हे लिहिणाऱ्याला सांगता आले पाहिजे. याउलट ‘पर्व’ म्हणजे मूळ अर्थाने सांधा, पेर. नवे पर्व सुरू झाले म्हणताना कांडे तेच असून वाढ पुढे चालू आहे, हे आपोआप सांगितले जाते. दोन्ही शब्द मोठे आहेत, पण एकाच घटनेला दोन्ही लावता येतीलच असे नाही.

‘ऐतिहासिक’ची अडचण निराळी आहे. ऐतिहासिक कागदपत्रे आणि ऐतिहासिक निर्णय, दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, आणि दुसऱ्या अर्थाने तो वापरताना उद्याच्या इतिहासकाराचे काम आजच उरकून घेतो. ‘न भूतो न भविष्यति’ तर भविष्याचीही हमी देते. १९१४ ते १९१८ चे युद्ध लोकांनी ‘महायुद्ध’ म्हणून भोगले; त्याला ‘पहिले’ ही ओळख रूढ झाली ती दुसरे सुरू झाल्यावर.

मोठ्या शब्दाशिवाय घटनेचे मोठेपण पोहोचत नाही, असे आपण म्हणता. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात वॉटसन आणि क्रिक या शास्त्रज्ञांनी डीएनएची रचना मांडली ती जेमतेम पानभर मजकुरात, आणि या रचनेतून आनुवंशिक द्रव्याची नक्कल कशी होत असावी हे आमच्या नजरेतून सुटलेले नाही, एवढ्याच आशयाचे एक वाक्य त्यात लिहिले. अर्थात त्यांचे वाचक जाणकार होते. सर्वसाधारण वाचकाला त्या वाक्याचे वजन कोणीतरी समजावून द्यावे लागते, आणि तिथे आपला मुद्दा मला पटतो. फक्त ते समजावणे एका विशेषणावर भागते, असे मला वाटत नाही.

मूळ लेखातील ‘मैलाचा दगड’ मी काढला आहे. त्या जागी आता १९२८ आणि १९४१ ही दोन्ही वर्षे आणि मधल्या खटाटोपावर तीन वाक्ये आहेत. परिच्छेद थोडा लांबला आहे, आणि पूर्वीइतका झोकदारही राहिलेला नाही.