सप्लायवर १३.८ व्होल्ट, पण रिगपाशी किती? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार काका,

तुम्ही लिहिलंय की तीस वर्षं हॅम रेडिओच्या बँडवर आहात, म्हणून सर न म्हणता काकाच म्हणतो, चालेल ना. प्रतिक्रिया मोठी आहे, बाकीच्यांना खाली शोधत बसायला नको म्हणून आधी थोडक्यात मांडतो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबल्यावर रिग, म्हणजे रेडिओ सेट, बंद पडत असेल तर पॉवर सप्लाय बदलायच्या आधी त्याची वायर तपासा. त्यावर तुमचं म्हणणं असं की सप्लाय ३० अँपियरचा आहे, मीटरवर १३.८ दिसतायत, मग वायरच्या मागे लागणं म्हणजे पोरांचा वेळ घालवणं, सरळ ट्रान्सफॉर्मरवाला लिनियर सप्लाय घ्या म्हणून सांगावं. दुसरं, तुमचा रिग फक्त २० मीटरच्या बँडवर (म्हणजे १४ मेगाहर्ट्झला) बंद पडतो आणि ४० वर मस्त चालतो, तर वायरचं गणित तिथे कुठे बसतं. तिसरं, जाड वायर टाका म्हणालो पण फ्यूजबद्दल अवाक्षर नाही. आणि जाता जाता, बॅटरीवर आजकाल चालवतं कोण.

फ्यूजचं आधी घेतो कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि चूक माझी आहे. बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपियर देते, आणि जाड वायर ते सगळं निमूटपणे वाहून नेते. त्यामुळे फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत हवा. रिगच्या टोकाला लावलेला फ्यूज रिगला वाचवतो, मधे कुठे इन्सुलेशन सोलवटलं आणि वायर लोखंडी रॅकला टेकली तर त्याचा काही उपयोग नाही. लेखात आज हे घातलंय, लक्षात आणून दिलंत त्याबद्दल खरंच आभार.

आता १३.८ चं. काका, ते १३.८ तुम्ही कुठे मोजले? बहुतेक सप्लायच्या पुढच्या मीटरवर, आणि बहुतेक रिसीव्हवर, जेव्हा रिग जेमतेम एखादा अँपियर खातोय. १०० वॉटचा एचएफ (शॉर्टवेव्हचा) रिग फुल पॉवरला २० च्या आसपास अँपियर ओढतो आणि सगळा खेळ तेव्हाच होतो. बहुतेक कंपन्यांच्या रिगला १३.८ व्होल्ट, १५ टक्के कमीजास्त चालतं, म्हणजे खाली साधारण ११.७ पर्यंत. त्याच्या खाली गेलं की कुणी पॉवर कमी करतं, कुणाचा सिग्नल घाण होतो, कुणी सरळ बंद होऊन परत चालू होतं.

माझ्या शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) हेच झालं होतं. ४० मीटरवर हळू बोललं तर ठीक, जरा जोरात "हॅलो" म्हटलं की डिस्प्ले विझायचा. मला वाटलं फायनल (रिगचे पॉवर ट्रान्झिस्टर) गेले. मित्राचा सप्लाय आणून लावला, तरी तेच, आणि त्या आठवड्यात मी रिग विकायच्या विचारापर्यंत आलो होतो. मग एका रात्री डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) लावला, सीडब्ल्यू, म्हणजे मोर्सच्या मोडमध्ये मोर्स की दाबून धरली आणि सप्लायच्या टर्मिनलवर मोजलं, १३.७. नंतर रिगच्या डीसी प्लगमध्ये मागच्या बाजूने दोन टाचण्या खुपसल्या (एकमेकींना अजिबात टेकू द्यायच्या नाहीत) आणि तिथे मोजलं तर ११.२. अडीच व्होल्ट मधल्या मधे गायब! मग मीटरचं एक टोक वायरच्या या बाजूला आणि दुसरं टोक त्याच वायरच्या त्या बाजूला असं एकेक तुकडा तपासत गेलो. पॉझिटिव्ह वायर ०.७, निगेटिव्ह वायर ०.७, आणि तो काचेच्या फ्यूजचा होल्डर, जो मी बोहारणीने सुद्धा घेतला नसता अशा कुठल्या तरी डब्यातून काढून लावला होता, त्याच्यावर एकट्यावर १.१ व्होल्ट. १९ अँपियरला १.१ व्होल्ट म्हणजे जवळजवळ २१ वॉट, एक छोटा सोल्डरिंग आयर्न त्या प्लास्टिकमध्ये बसवल्यासारखं. उघडून बघितलं तर आतली स्प्रिंग ढिली पडलेली, टोप्या काळ्या, प्लास्टिक एका बाजूने तपकिरी होऊन वाकलेलं.

आणि वायरचा आकडा तोंडाने पण काढता येतो. दीड एमएम (म्हणजे स्क्वेअर एमएम), घरात लाइटच्या पॉइंटला वापरतात ती, मीटरला साधारण १२ मिलीओहम. माझी ३ मीटर होती, ३६ मिलीओहम, गुणिले १९ अँपियर, झाले ०.७. आणि जाऊन परत यायचं असतं हे लोक विसरतात, निगेटिव्हवर पण तेवढंच पडतं. पुण्याच्या तापकीर गल्लीतून ६ एमएम आणली, लांबी अर्धी केली, पात्याच्या फ्यूजचा चांगला होल्डर लावला, रिगपाशी १३.४ मिळायला लागले, सप्लाय तोच जुना. म्हणून मी वायर वायर करतो. सप्लाय हजारोंचा असतो, वायर आणि होल्डर काहीशे रुपयांत होतात, आणि कॉलेजातल्या नवीन व्हीयू३ वाल्याला (सुरुवातीचं लायसन्स असलेल्याला) हा फरक फार मोठा आहे.

सप्लायचा दोष कधीच नसतो असं मी म्हणत नाहीये हां. तो ओळखायची खूण वेगळी आहे. पॉवर १० वॉट, मग ५०, मग १०० अशी वाढवत जा आणि रिगपाशी बघत रहा. व्होल्टेज करंटच्या प्रमाणात हळूहळू खाली येत असेल आणि सप्लायच्या टर्मिनलवर हलत नसेल, तर वायर, फ्यूज किंवा कनेक्टर. सप्लायच्या टर्मिनलवरच एका जागी धाडकन कोसळत असेल तर सप्लायची करंट लिमिट, मग त्याच्यावर ३० लिहिलेलं असो की ४०. हे बघायला एसएसबीवर (आवाजाच्या मोडवर) बोलून उपयोग नाही, साधा मल्टिमीटर सेकंदाला दोनतीनदा आकडा बदलतो, आवाजाचा पीक त्याला सापडतच नाही. सीडब्ल्यू किंवा एफएमवर पाच सेकंद कॅरियर (सलग सिग्नल), डमी लोडमध्ये, बस.

लिनियर सप्लायचं म्हणाल तर रिसीव्हमध्ये तो शांत असतो हे मान्य, स्वस्त एसएमपीएसचा (स्विचिंग सप्लायचा) कचरा ८० मीटरवर ऐकून मी पण वैतागलोय. पण आपल्याकडे गावाकडे संध्याकाळी मेन्स १८० पर्यंत येते, तेव्हा त्या ट्रान्सफॉर्मरमागच्या रेग्युलेटरला पुरेसे व्होल्ट उरत नाहीत आणि समोरचा म्हणतो ओएम (ओल्ड मॅन, हॅम एकमेकांना म्हणतात ते), सिग्नलमध्ये हम (घूं असा आवाज) आहे. शिवाय लिनियरच्या रेग्युलेटरमध्ये पण आरएफ (आपल्याच ट्रान्समीटरचा रेडिओ सिग्नल) घुसतं, एलएम ७२३ चिपवाले जुने सप्लाय त्यासाठी हॅममध्ये बदनामच आहेत.

आणि तुमच्या २० मीटरचं कोडं मला इथेच दिसतंय. तुम्ही लिहिलंय अँटेना एंड-फेड (एका टोकाला जोडलेली) आहे आणि कोॲक्स (अँटेनाची केबल) थेट खिडकीतून टेबलावर. १४ मेगाहर्ट्झची पाव वेव्ह (तरंगलांबीचा चौथा भाग) होते सव्वापाच मीटरच्या आसपास, आणि कोॲक्सच्या बाहेरचं जाळं, अर्थची वायर, डीसी केबल यांची मिळून काहीतरी लांबी तिथे जुळत असणार. मग करंट कोॲक्सच्या बाहेरून शॅकमध्ये येतो, सप्लायच्या प्रोटेक्शन सर्किटला वाटतं काहीतरी बिघडलं आणि तो बंद करतो. ४० ला पाव वेव्ह साडेदहा मीटर, तिथे लांबी जुळत नाही म्हणून चालतं. हा माझा अंदाज आहे, तो तपासायला दहा मिनिटं लागतील. २० मीटरवर डमी लोड लावून फुल पॉवर द्या. चाललं तर आरएफ किंवा एसडब्ल्यूआर (अँटेना नीट न जुळणं), आणि मग नवीन सप्लाय घेऊन काही होणार नाही, तो पण तसाच बंद पडेल. कोॲक्सला शॅकमध्ये शिरतानाच मिक्स ३१ फेराइटच्या मोठ्या टोरॉइडवर (कड्यावर) दहाबारा वेढे द्या, डीसी केबलचे पण रिगजवळ फेराइटमधून चारपाच वेढे. डमी लोडवरही बंद पडला तर मात्र वर सांगितलेली मोजमापं, कारण प्रत्येक बँडवर रिग सारखाच करंट ओढत नाही, काठावरची वायर ४० ला निभावते आणि २० ला नाही असंही होतं.

बॅटरीवर कोण चालवतं हे वाचून मात्र मला वाईट वाटलं काका. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा हॅम मंडळी डीएक्सपेडिशनसाठी (दुर्मीळ ठिकाणाहून बोलायच्या मोहिमेसाठी) पोर्ट ब्लेअरलाच होती, आणि अंदमानचे निरोप बाहेर पोचवायचं काम त्यांनी केलं हे तुम्हाला माझ्याहून जास्त आठवत असेल. लाइट गेल्यावर सुद्धा बोलता आलं पाहिजे म्हणून तर आपण हे करतो ना. आणि वायरीतले व्होल्ट बॅटरीवरच जास्त टोचतात, कारण तिथे सुरुवातच १२.६ पासून होते, माझ्या जुन्या वायरीवर अडीच गेले की राहिले दहा. यूपीएसमधली ७ एएचची छोटी बॅटरी तर २० अँपियर मागितले की स्वतःच बसते, तिच्यावर ५-१० वॉट चालवावेत. लिथियम आयर्न फॉस्फेट पॅक व्होल्टेज छान धरून ठेवतो पण त्याच्या बीएमएसवर (आतल्या संरक्षण सर्किटवर) २० अँपियर लिहिलं असेल तर एसएसबीच्या पीकला तो काहीही न सांगता तोडतो, आणि माणूस रिग उघडून बसतो.

तर या रविवारी जमलं तर मला चार आकडे पाठवा, डमी लोडवर ४० आणि २० दोन्हीला, फुल पॉवरवर, सप्लायच्या टर्मिनलला किती आणि रिगच्या प्लगला किती. आणि वायर किती एमएमची, किती लांब, तेही. माझा अंदाज चुकला असेल तर तसं इथेच लिहीन.

७३ (हॅमचा निरोपाचा नमस्कार)