स्पर्म काउंट 2045 ला झिरो होणार म्हणे

एक मेसेज सारखा फॉरवर्ड होऊन येतोय की 50 वर्षांत पुरुषांचे शुक्राणू निम्मे झाले, 2045 ला झिरो होणार, जन्मदर त्याच्यामुळेच पडतोय, कारण काय तर खिशातला मोबाईल आणि उपाय काय तर टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) वाढवा. यातली पहिली गोष्ट बरीचशी खरी आहे, बाकीच्या तिला चिकटवलेल्या आहेत आणि शेवटची तर सरळ नुकसान करणारी आहे, म्हणून लिहायला बसलो.

"निम्मे झाले." हे कुणी हवेतून काढलेलं नाही. 1992 ला डेन्मार्कच्या संशोधकांनी 61 जुने अभ्यास एकत्र करून पाहिले तर वीर्याच्या एका मिलीमागे 1940 ला 11.3 कोटी शुक्राणू आणि 1990 ला 6.6 कोटी अशी सरासरी निघाली. नंतर हगाई लेव्हिन, शॅना स्वॉन या संशोधकांच्या टीमच्या मोठ्या अभ्यासात 1973 ते 2018 मध्ये 10.1 कोटीवरून 4.9 कोटी. त्यामुळे सगळं थोतांड आहे म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. पण हे नमुने वेगवेगळ्या देशांतले, वेगवेगळ्या लॅबमधले, आणि मोजणाऱ्याची पद्धत, आधीच्या वीर्यस्खलनानंतर किती दिवसांनी नमुना दिला यानेसुद्धा आकडा बराच हलतो. डेन्मार्कमध्येच 1996 पासून लष्करी तपासणीला येणाऱ्या तरुणांचे नमुने एकाच पद्धतीने तपासले तर पुढची 15 वर्षं घसरण दिसली नाही (काउंट मुळातच कमी होते, ती काळजी आहेच).

"2045 ला झिरो." जुन्या आकड्यांवर पट्टी ठेवून रेष पुढे ओढली की येतं हे उत्तर. शरीर असं पट्टीने चालत नाही.

"काउंट निम्मा म्हणजे बाप होण्याचा चान्स निम्मा." इथे लोक सगळ्यात जास्त घाबरतात. 1998 मध्ये, परत डेन्मार्कमध्येच, पहिल्यांदा मूल होऊ देणाऱ्या जोडप्यांचा अभ्यास झाला, त्यात मिलीमागे 4 कोटीपर्यंत काउंट वाढला तसा चान्स वाढत गेला, त्याच्यापुढे कितीही असला तरी फरक नाही. डब्ल्यूएचओची आताची खालची मर्यादा 1.6 कोटी आहे आणि ती काढली कशी, तर वर्षभराच्या आत ज्यांच्या जोडीदाराला दिवस गेले अशा पुरुषांमधल्या सगळ्यात खालच्या 5 टक्क्यांवरून, म्हणजे त्या रेषेच्या खाली असूनही बाप झालेले पुरुष होतेच की! सरासरी उतरली की जास्त पुरुष त्या रेषेखाली जातात हे मात्र मी नाकारत नाही.

जन्मदराचं म्हणाल तर उशिरा लग्नं, गर्भनिरोधक साधनं, एक-दोनच मुलं हवी असणं ही मोठी कारणं आहेत.

"मोबाईल." स्वित्झर्लंडमध्ये 2,886 तरुणांच्या अभ्यासात जास्त फोन वापरणाऱ्यांचा काउंट कमी दिसला, पण फोन खिशात ठेवण्याशी संबंध सापडला नाही. सिगारेट, लठ्ठपणा, व्हेरिकोसील (वृषणाजवळच्या शिरा फुगणं) यांचे पुरावे याच्यापेक्षा कितीतरी पक्के आहेत, त्यावर कुणी फॉरवर्ड करत नाही.

आणि आता ते टेस्टोस्टेरॉन. बाहेरून दिलं की मेंदूला वाटतं शरीरात भरपूर आहे, मग तो एलएच आणि एफएसएच (वृषणाला कामाला लावणारे हार्मोन) पाठवणं थांबवतो, वृषणाच्या आतलं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन खाली येतं आणि शुक्राणू बनणंच बंद पडत जातं. डब्ल्यूएचओने याच इंजेक्शनची पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून ट्रायल घेतली होती, दर आठवड्याला एक, आणि बहुतेकांचा काउंट शून्यावर आला होता. मूल हवं म्हणून धडपडणारा माणूस हा मेसेज वाचून तेच टोचून घेणार, विचार करूनच पोटात गोळा येतो. जिममध्ये असा कोर्स केला असेल तर लाज न बाळगता डॉक्टरला आधी तेच सांगा. बंद केल्यावर बहुतेकांचं पूर्ववत होतं पण त्याला महिने लागतात, कारण एक शुक्राणू तयार व्हायलाच साधारण 74 दिवस जातात. एकच रिपोर्ट खराब आला तरी म्हणूनच दोन-तीन महिन्यांनी परत करायला सांगतात.